"माझ्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय!" : फोटो प्रिंट करण्याआधी मॉनिटरला ताळ्यावर कसं आणायचं

 

(वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. एपिसोडमध्ये मी "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" हे दोन शब्द इतक्या वेळा बोललोय की लिहून काढताना मलाच लाज वाटली. ते उडवलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मॉनिटर कॅलिब्रेशन. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. मला माहितीये, तुम्ही म्हणणार की आता फोटो प्रिंट कोण करतं? मीही करत नव्हतो. फोनमध्ये हजारो फोटो आणि भिंतीवर एकही नाही, अशीच आपली सगळ्यांची गत आहे. पण प्रत्येक घरात कधी ना कधी अशी वेळ येतेच की फोटो कागदावर लागतो, आणि तेव्हा तो चुकून चालत नाही.

आमच्याकडे ती वेळ मागच्या वर्षी आली. आजी गेली. वर्षश्राद्धाच्या आधी तिचा मोठा फोटो फ्रेम करून साताऱ्याच्या घरी लावायचा असं बाबांनी ठरवलं, आणि काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण घरातला कॅमेरेवाला मीच. माझ्याकडे तिचा एक छान फोटो होता. दोन दिवाळ्यांपूर्वीचा. ओसरीवर बसलीये, सकाळचा उजेड एका बाजूने येतोय, अंगावर तिचं आवडतं अंजिरी लुगडं. सेकंडहँड डीएसएलआरवर रॉमध्ये काढलेला. पुण्याच्या खोलीवर बसून मी दोन रात्री तो एडिट केला, लॅबला बारा बाय अठराची प्रिंट टाकली, आणि गुंडाळी उघडूनसुद्धा न बघता एसटीत बसलो.

घरी उघडली. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, आईचं लुगडं अंजिरी होतं. हे तर चॉकलेटी आहे."

आई म्हणाली, "आणि आत्यांचा चेहरा किती काळवंडलाय. आजारी असल्यासारख्या दिसतायत." (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.)

मी फोन काढला, तोच फोटो दाखवला. "हे बघा, इथे बरोबर दिसतोय. लॅबवाल्याने घोळ घातलाय." बाबांनी फोनकडे बघितलं, प्रिंटकडे बघितलं, काही बोलले नाहीत. वर्षश्राद्धाला अकरा दिवस राहिले होते.

सोमवारी मी लॅबमध्ये गेलो तो भांडायच्या तयारीनेच. काउंटरवरच्या दादांना म्हटलं, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. त्यांनी शांतपणे माझी फाइल त्यांच्या मॉनिटरवर उघडली आणि प्रिंट शेजारी धरली. दोन्ही सारख्या! तेच चॉकलेटी लुगडं, तोच काळवंडलेला चेहरा. "मशीनची टेस्ट स्ट्रिप मी रोज सकाळी काढून तपासतो," ते म्हणाले. "तुमचा मॉनिटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला होता?"

चार वर्षं वापरतोय. एकदाही नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक अत्यंत बदनाम वाक्य आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." टेस्टिंगवाल्या मुलीने बग काढला की डेव्हलपर हेच म्हणतो. मी ऑफिसात या वाक्यावर लोकांची खेचतो, आणि त्या दिवशी लॅबमध्ये उभा राहून मी स्वतः तेच बोलत होतो.

घोळ नक्की कुठे झाला

आधी एक समजून घ्या. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक पिक्सेलला तीन: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. समजा लुगड्याच्या एका ठिकाणी लाल १२०, हिरवा ४०, निळा ७० आहे. हा झाला अंजिरीच्या जवळपासचा रंग. तोच निळा ७० वरून ४० वर आणा, लुगडं तपकिरीकडे झुकलं. आता हे आकडे प्रत्यक्षात किती उजेडाचे आणि कुठल्या छटेचे दिसणार, हे तुमची स्क्रीन ठरवते. आणि तुम्ही स्लायडर सरकवता ते स्क्रीनवर जे दिसतं ते बघून. म्हणजे स्क्रीन खोटं बोलत असेल, तर त्या खोट्याला उत्तर म्हणून तुम्ही फाइलमध्ये उलटं खोटं लिहिता. स्क्रीन बंद केल्यावर तिचं खोटं संपतं. तुमचं मात्र फाइलमध्ये राहतं आणि कागदावर छापून येतं.

माझ्या बाबतीत दोन खोटी होती. पहिलं ब्राइटनेसचं, आणि नव्वद टक्के लोकांचं हेच असतं असं माझं मत आहे. (हा सर्व्हे नाही, मत आहे. त्यानंतर ज्याच्या ज्याच्या घरी गेलो त्याचा मॉनिटर बघितलाय, त्यावरून.)

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद फेकत नाही, तो खोलीतला उजेड परत पाठवतो. हा फरक शाळेत शिकलेला असतो, पण किती मोठा आहे ते आकड्यांत बघू. स्क्रीनचा उजेड मोजतात कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये, त्यालाच लाडाने निट्स म्हणतात. दुकानातून आणलेला साधा ऑफिसचा मॉनिटर फुल ब्राइटनेसला २५० ते ३५० निट्स देतो. कंपन्या तो तसाच पाठवतात, कारण शोरूमच्या झगझगाटात शेजारच्या मॉनिटरपेक्षा आपला उठून दिसायला हवा.

आता कागद. खोलीतला उजेड लक्समध्ये मोजतात. रात्री एका ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण १०० ते २०० लक्स असतो, आपण १५० धरू. चांगला पांढरा कागद त्यातला ९० टक्के उजेड परत देतो. मॅट कागदासाठी सूत्र सोपं आहे: लक्स गुणिले ०.९ भागिले पाय. १५० गुणिले ०.९ म्हणजे १३५, भागिले ३.१४, उत्तर आलं ४३ निट्स. म्हणजे त्या खोलीत जगातला कितीही पांढरा कागद आणा, तो ४३ निट्सच्या पुढे जाणार नाही. आणि माझी स्क्रीन होती ३०० च्या घरात. जवळजवळ सातपट!

आता मी काय केलं ते बघा. रात्रीची वेळ, समोर सातपट झगझगीत स्क्रीन. आजीचा फोटो मला फटफटीत वाटला. मी एक्स्पोजर खाली ओढलं. चेहऱ्याची सावलीची बाजू? तीही मस्त उघडी दिसत होती, कारण मागून दिवा जळतोय ना. म्हणून शॅडोजला हात लावला नाही. त्या स्क्रीनवर ते बरोबरच होतं. कागदाच्या मागे दिवा नव्हता, तिथे चेहरा काळवंडला.

दुसरं खोटं पांढऱ्या रंगाचं. पांढरा म्हणजे पांढरा असं आपण समजतो, पण पिवळ्या बल्बखालचा पांढरा आणि ढगाळ आभाळाखालचा पांढरा वेगळा असतो. ही छटा केल्विनमध्ये सांगतात. जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दिवसाचा उजेड ५००० ते ६५००, आणि आकडा वर गेला की निळसर. माझा मॉनिटर चार वर्षं 'कूल' मोडवर होता, म्हणजे निळसर पांढरा. मला कधी कळलंच नाही, कारण डोळ्यामागे जो मेंदू आहे त्याला ऑटो व्हाइट बॅलन्स आहे. पाच-दहा मिनिटांत तो समोरच्या स्क्रीनलाच पांढरं मानायला लागतो. पण फोटोतली आजी मात्र मला जरा थंड, फिकट वाटत होती. म्हणून मी टेम्परेचरचा स्लायडर पिवळ्याकडे नेला, सकाळच्या कोवळ्या उन्हासारखं दिसेपर्यंत. स्क्रीनच्या निळ्याने माझा पिवळा खाऊन टाकला. कागदावर निळा कुठून येणार? पिवळा तेवढा उरला, अंजिरीतला जांभळेपणा गेला, चॉकलेटी शिल्लक राहिलं.

आणि फोनवर बरोबर का दिसला? फोनचा ब्राइटनेस फुल, मोड 'व्हिव्हिड', तोही बहुतेक फोनांत निळसरकडेच झुकलेला असतो. दोन खोटी बोलणारे एकमेकांची साक्ष देत होते.

कॅलिब्रेशन म्हणजे वजनकाटाच

किराणा दुकानातल्या काट्यावर सरकारी शिक्का असतो, बघितलाय? काटा ठरलेल्या वजनाशी ताडून बघितला, एवढाच त्याचा अर्थ. मॉनिटरचंही तसंच आहे, फक्त त्यात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकात एक मिसळतात.

पहिलं काम कॅलिब्रेशन, म्हणजे काटा शून्यावर आणणं. मॉनिटरचा ब्राइटनेस, पांढऱ्याची छटा आणि गॅमा ठरलेल्या जागी आणून ठेवायचे. गॅमा म्हणजे मधल्या आकड्यांना किती उजेड मिळणार त्याचा हिशोब. तो बहुतेक ठिकाणी २.२ असतो, त्यामुळे ० ते २५५ च्या बरोबर मधला १२८ हा आकडा अर्धा उजेड देत नाही, साधारण २२ टक्के देतो. आपल्या डोळ्याला तेच निम्मं वाटतं.

दुसरं काम प्रोफाइल. काटा शून्यावर आणला तरी तो प्रत्येक वजनाला थोडा थोडा चुकतोच. मग चिठ्ठी लिहून ठेवायची: "हा काटा किलोला वीस ग्रॅम जास्त दाखवतो." ही चिठ्ठी म्हणजे आयसीसी प्रोफाइल. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम काढलं, ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे, आणि ही चिठ्ठी कशी लिहायची ते ठरवलं. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर ही चिठ्ठी वाचतं आणि त्या हिशोबाने स्क्रीनला आकडे पाठवतं. सगळी ॲप्स वाचत नाहीत, म्हणून एकच फोटो दोन ॲप्समध्ये वेगळा दिसला तर घाबरू नका. एडिटरवर विश्वास ठेवा.

ही दोन्ही कामं डोळ्याने नीट होत नाहीत, कारण तोच तो मेंदूचा ऑटो व्हाइट बॅलन्स. त्यासाठी कलरिमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, कॉम्प्युटरच्या माउसएवढं. डेटाकलरचा स्पायडर आणि कॅलिब्राइटचे कलरचेकर ही त्यातली ओळखीची नावं. किंमत पाच आकडी आहे, आणि सरळ सांगतो, एका फोटोसाठी घेऊ नका. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू आहे. फोटोग्राफी करणाऱ्या कुणा मित्राकडे असते, त्याच्याकडून शनिवार-रविवारपुरती आणा. मी तेच केलं. बदल्यात मिसळ.

करायचं काय? मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवा, तापल्यावरच त्याचा उजेड स्थिर होतो. नाइट लाइट, ब्लू लाइट फिल्टर, ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, एचडीआर, सगळं बंद. हे विसरलात तर तासाभराची मेहनत पाण्यात. मग यंत्र स्क्रीनला चिकटून बसेल असं लटकवायचं, स्क्रीन थोडी मागे कलंडवायची म्हणजे फट राहत नाही. सॉफ्टवेअर लक्ष्य विचारतं: व्हाइट पॉइंट ६५०० केल्विन, म्हणजे डी-६५, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० निट्स. खोली अंधारी असेल तर ८०, भरपूर उजेडाची असेल तर १२०. यंत्राबरोबरचं सॉफ्टवेअर नको असेल तर डिस्प्लेकॅल फुकट आहे, त्याच्या पोटात आर्गिलसीएमएस हे ओपन सोर्स इंजिन चालतं. दिसायला जरा रुक्ष आहे, पण काम चोख.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझा मॉनिटर निघाला २९० च्या आसपास निट्स आणि ८४०० केल्विनच्या पुढे. मी मॉनिटरच्याच बटणांनी ब्राइटनेस खाली आणला. हे महत्त्वाचं आहे, कारण बटणाने बॅकलाइट खरोखर मंद होतो. सॉफ्टवेअरच्या स्लायडरने अनेकदा नुसते आकडे दाबले जातात आणि छटा कमी होतात. मग 'कूल' काढून 'यूजर' मोड, निळा थोडा कमी, लाल तसाच. त्यानंतर यंत्र स्क्रीनवर एकामागून एक रंगीत चौकोन दाखवून मोजत बसतं, तेवढ्या वेळात चहा होतो. शेवटी प्रोफाइल तयार.

पहिल्या संध्याकाळी मला वाटलं मॉनिटर मेला. पिवळट, मरगळलेला, जुन्या सरकारी ऑफिसातल्यासारखा. वीस मिनिटं तसाच बसलो, डोळे सरावले. दोन दिवसांनी मित्राचा कॅलिब्रेट न केलेला मॉनिटर बघितला तर तोच निळा आणि झगझगीत वाटला! आणि मग आजीची फाइल उघडली. चॉकलेटी लुगडं, काळवंडलेला चेहरा. लॅबवाल्या दादांनी दाखवलं होतं अगदी तेच. खरं सांगतो, पोटात गोळा आला. चूक बाबांना पहिल्या नजरेत दिसली होती आणि मी त्यांना फोन दाखवत होतो.

एक इशारा. तुमचा लॅपटॉप स्वस्तातला असेल आणि मान थोडी वरखाली केली की रंग बदलत असतील, तर त्यात बहुतेक टीएन पॅनल आहे. त्यावर कॅलिब्रेशनचे पैसे घालू नका. तुम्ही पाठ टेकून बसलात की ते बिघडतं. त्यापेक्षा जुना का असेना, आयपीएस मॉनिटर घ्या.

यंत्र नसेल तर

आता हा भाग नीट ऐका, कारण बहुतेक जण इथेच आहात.

एक कोरा पांढरा ए-फोर कागद घ्या. शक्यतो ज्या उजेडात प्रिंट बघणार तसाच उजेड टेबलावर ठेवा. स्क्रीनवर कोरी पांढरी फाइल उघडा आणि कागद स्क्रीनच्या शेजारी धरा, स्क्रीनसमोर नाही. सुरुवातीला कागद मळकट राखाडी दिसेल. आता मॉनिटरच्या बटणाने ब्राइटनेस खाली आणत जा, कागद आणि स्क्रीन सारख्या उजेडाची वाटेपर्यंत. बहुतेकांचा स्लायडर १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी थांबतो. एवढ्या एका गोष्टीने "प्रिंट काळी आली" ही तक्रार बरीचशी जाते. फुकट.

छटेसाठी मॉनिटरच्या मेनूत '६५००' किंवा 'वॉर्म'च्या आसपासचा पर्याय किंवा 'एसआरजीबी' मोड शोधा. एसआरजीबी मोड कंटाळवाणा वाटतो, पण कंपनीने निदान तो एक मोड काहीतरी ठरवून बसवलेला असतो. विंडोजमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' आणि मॅकमध्ये डिस्प्ले कॅलिब्रेटर आहे, डोळ्याने करायचे. गॅमासाठी ठीक, रंगासाठी फार भरवसा नाही.

आणि एक चाचणी करा. काळ्या पार्श्वभूमीवर ५, १०, १५, २० अशा आकड्यांचे राखाडी चौकोन काढा (पायथॉन येत असेल तर दहा ओळींचं काम). १० आणि १५ वेगळे दिसले पाहिजेत. सगळे काळ्यात बुडाले तर ब्राइटनेस जास्तच उतरवला, किंवा कॉन्ट्रास्टशी कुणीतरी खेळलंय. पाचही लख्ख दिसला, तर तुमच्या सावल्या कागदावर बुडणार.

फोनवरच एडिट करणाऱ्यांसाठी पटकन: स्क्रीन मोड 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर न्या, आयफोनवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद, ऑटो ब्राइटनेस बंद, ब्राइटनेस साधारण मध्यावर किंवा त्याखाली, आणि उन्हात उभं राहून एडिट करू नका. कागदाची युक्ती फोनलाही चालते. आणि बाबांनो, लॅबला फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर रंग दूरची गोष्ट, फोटोच अर्धा पोचतो.

स्क्रीन सुधारली, तरी कागद तो कागद

इथे अपेक्षा थोड्या खाली आणू. कॅलिब्रेट केलेला मॉनिटर म्हणजे स्क्रीन आणि प्रिंट हुबेहूब एक, असं नाही. बऱ्यापैकी आयपीएस मॉनिटरचा काळ्या-पांढऱ्यातला फरक हजारास एक असतो. ग्लॉसी प्रिंटचा दोनशेच्या आसपास, आणि मॅट कागदाचा पन्नासच्याही खाली जाऊ शकतो. तेवढी खोली कागदात नाहीच. म्हणून सॉफ्ट प्रूफ नावाची सोय असते. लाइटरूममध्ये डेव्हलपमध्ये जाऊन एस दाबा, गिंप आणि डार्कटेबलमध्येही आहे. लॅबकडे त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल मागा. काही देतात, काही "ते काय असतं" म्हणतात. मिळालं तर ते लावा, आणि 'पेपर सिम्युलेट' चालू करताना नजर दुसरीकडे फिरवा. गंमत नाही करत. समोर बघत असाल तर फोटो एकदम धुतल्यासारखा होतो आणि मन खट्टू होतं. क्षणभराने बघितलंत की तो नुसता कागदावरच्या फोटोसारखा दिसतो.

रंगांच्या बाबतीत स्क्रीन आणि शाई यांची गावंच वेगळी आहेत. स्क्रीनवरचा भडक निळा आणि पोपटी हिरवा शाईला जमत नाही, निळा तर जांभळ्याकडे सरकतो. पण उलटही आहे. पैठणीचा गडद मोरपंखी घ्या, त्या भागातले काही रंग छपाईची निळसर-हिरवी शाई देऊ शकते आणि साधी एसआरजीबी स्क्रीन दाखवूच शकत नाही. एसआरजीबी हे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या काळच्या डबड्या मॉनिटरांवरून ठरवलेलं माप आहे, तेव्हा त्याच्या मर्यादा असणारच. तरीसुद्धा लॅबला फाइल एसआरजीबीतच द्या, त्यांनी वेगळं सांगितलं नसेल तर. ॲडोबी आरजीबीतली फाइल पाठवली आणि पलीकडच्या मशीनने ती एसआरजीबी समजून छापली, की सगळे रंग मरगळतात. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी-थ्रीमध्ये असतात, तेही एक्स्पोर्ट करताना बदलून घ्या.

घरच्या इंकजेटवाल्यांसाठी एकच वाक्य: रंग सांभाळायचं काम एकतर सॉफ्टवेअरला द्या नाहीतर प्रिंटरच्या ड्रायव्हरला. दोघांनी केलं की जेवणात दोनदा मीठ.

आणि लॅबमध्ये आधी विचारा की ते स्वतःहून 'करेक्शन' करतात का. अनेक ठिकाणी करतात, चांगल्या हेतूने, चेहरे गोरे वगैरे. तुमचा मॉनिटर ताळ्यावर असेल तर "नो करेक्शन" असं ऑर्डरवर लिहून द्या.

पुन्हा आजीच्या फोटोवर येतो. या वेळी मी थेट बारा बाय अठरा टाकली नाही. लॅबवाल्या दादांनीच सुचवलं: आठ बाय बाराच्या एका कागदावर चार छोटे फोटो लावा, पहिला जसा आहे तसा, पुढचे एक्स्पोजर ०.२, ०.४ आणि ०.६ ने वाढवून. मागे पेनने नंबर. कॅलिब्रेट करूनही मला ०.२ वालाच सगळ्यात बरा वाटला, कारण साताऱ्याच्या त्या खोलीत उजेड कमीच आहे. प्रिंट कुठे टांगणार हे मॉनिटरला कळत नाही, ते आपणच सांगावं लागतं.

शेवटचा मुद्दा त्यातूनच येतो. प्रिंट कुठल्या उजेडात बघता? छपाईच्या जगात यासाठी आयएसओ ३६६४ हे मानक आहे: ५००० केल्विनचा, म्हणजे डी-५० चा उजेड, बारकाईने तुलना करायला २००० लक्स आणि साधं बघायला ५०० लक्स. वरच्या सूत्रात ५०० घालून बघा, कागद १४३ निट्स देतो. म्हणजे चांगल्या उजेडात कागद तुमच्या १०० निट्सच्या मॉनिटरला सहज टक्कर देतो! आपल्या घरी तसा दिवा कुठून येणार? दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन न येता, हे जवळपास तेच. दोन प्रिंट एका दिव्याखाली सारख्या आणि दुसऱ्याखाली वेगळ्या दिसणं हेही होतं, त्यामुळे निर्णय ट्यूबलाइटखाली लॅबच्या काउंटरवर घेऊ नका. दारात येऊन बघा.

नवी प्रिंट वर्षश्राद्धाच्या तीन दिवस आधी घेऊन गेलो. या वेळी गुंडाळी लॅबच्या दारातच उघडून बघितली होती. घरी बाबांनी ती ओसरीवर नेली, जिथे फोटो काढला होता तिथेच, आणि आईने कपाटातून ते लुगडंच आणून शेजारी ठेवलं. मी हे डोक्यातही आणलं नव्हतं. खऱ्या कापडाशी तुलना! किंचित लालसर होतं प्रिंटमधलं, मला दिसत होतं. काठाची जर कापडात चमकत होती आणि कागदात नुसती पिवळी होती. ते कुठल्याच कॅलिब्रेशनने येत नाही, कारण चमक हा रंग नाही, आपण हललो की तीही हलते.

बाबा म्हणाले, "हां. हे अंजिरी."

देवघराच्या भिंतीवर लावायचं ठरलं होतं, पण तिथे पिवळा बल्ब आहे. बाबांनी दोन्हीकडे धरून बघितलं आणि खिळा ओसरीच्या दाराशेजारी ठोकला. आम्ही त्यांना कलर टेम्परेचरबद्दल काही सांगितलं नव्हतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. आणि तो कागद स्क्रीनशेजारी धरून बघाच, किती टक्क्यांवर थांबलात ते कळवा.